मेहुण्याने दिलेल्या गाडीचा ब्रेक

गाडी पहिल्यांदा किंचाळली ती आमच्या सोसायटीच्या गेटात, आणि नेमकं तेव्हाच चेअरमन चिमाजीराव झाडांना पाणी घालत होते. पाइप त्यांच्या हातून सुटला आणि सगळं पाणी त्यांच्याच लेंग्यावर गेलं. मी काच खाली करून सॉरी म्हणालो. त्यांनी आधी लेंग्याकडे, मग गाडीकडे आणि शेवटी माझ्याकडे असं काही पाहिलं की यातून पुढे एक नोटीस निघणार हे मी तिथंच ओळखलं.

गाडी माझी होती, पण मेहुण्यानं दिलेली होती. इथंच सगळी मेख आहे. मेहुण्यानं आपण होऊन काही दिलं की शहाण्या माणसानं ती वस्तू आधी उलटी करून बघावी. एसयूव्ही उलटी करता येत नाही, म्हणून मी फसलो.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ संशयी दिसतो. साफ चूक. मी चौकस आहे. सगळी नोकरी शाळेत काढली आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो. पोरांच्या बाह्या, चपला, कंपासपेट्या तपासल्या. एका पोरानं पोटऱ्यांवर अख्खा इतिहास लिहून आणला होता, तोही मी पकडला, आणि त्या पोराचा चेहरा तुम्ही पाहिला असता तर तुम्ही त्याला देवघरात बसवलं असतं. तेव्हापासून निष्पाप चेहरा दिसला की मी आधी पोटऱ्या बघतो. शिवाय पर्यवेक्षकाची एक सवय मला जडली आहे ती सही करण्याची. पुरवणीवर सही नसेल तर पुरवणी बाद. त्यामुळे निवृत्तीनंतरही मी गॅसच्या सिलिंडरच्या सीलवर सही करतो, लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांवर करतो, इस्त्रीला जाणाऱ्या शर्टांच्या कॉलरला आतून करतो. छाया, म्हणजे माझी बायको, याला वेड म्हणते. पण आमचा एकही शर्ट आजवर बदलून आलेला नाही.

मेहुणा म्हणजे छायाचा धाकटा भाऊ जीवन. त्याची नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे शेती आहे, झेंडू, शेवंती आणि टोमॅटो करतो. सासूबाई, सखुबाई त्यांचं नाव, त्याच्याकडेच असतात. मध्यंतरी त्या ओट्यावरून घसरून पडल्या आणि तेव्हापासून खाटेवरच आहेत. छाया त्यांना भेटायला सिटी बसनं जायची, पण बस फाट्यावर सोडते आणि तिथून मळ्यापर्यंत नुसते खड्डे आणि धोंडे. तिचा गुडघा आधीच दुखरा. डॉक्टरांनी शेवटी त्या रस्त्यानं चालायचं नाही म्हणून सक्त ताकीद दिली. जीवननं त्याच सुमारास पिकअप घेतली होती. एका सकाळी तो आपली पांढरी एसयूव्ही धुऊनपुसून घेऊन आला आणि किल्ली छायाच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "ताई, आता आईकडं यायला कुणाची वाट बघायची नाय."

हे 'कुणाची' कुणाला उद्देशून होतं ते मला कळलं. मी बाजूलाच चहा पीत उभा होतो. आणखी एक बोचरी गोष्ट अशी की छायाला गाडी माझ्यापेक्षा बरी चालवता येते. माहेरी ती ट्रॅक्टरवर शिकली. मी क्लास लावून शिकलो, सर्टिफिकेटसुद्धा आहे, पण तिच्या शेजारी बसलं की मला उगाचच आपण पास होऊनही नापास असल्यासारखं वाटतं. म्हणून गाडी आल्यावर मी देखभालीचं खातं माझ्याकडे घेतलं. रोज सकाळी बादलीभर पाणी, फडकं, शाम्पू. गाडी आरशासारखी ठेवली. फिरवण्यापेक्षा धुण्यावर माझा भर होता हे मान्य आहे, पण उन्हातान्हात कशाला वापरायची चांगली वस्तू?

तर ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी परत. ब्रेकवर पाय ठेवला की कीईईच. छाया म्हणाली, तुम्ही रोज धुता आणि उभी करून ठेवता, ओल धरली असेल. मी म्हणालो, ओल्या वस्तू किंचाळायला लागल्या तर रामकुंडावर कान देता येणार नाही. ती म्हणाली, बरं, रविवारी मी आईकडे जाणार आहे तेव्हा चालेल तेवढी आणि जाईल आवाज. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की ब्रेकचा निकाल लागेपर्यंत गाडी गिरणाऱ्याला जाणार नाही. ब्रेक म्हणजे काही लोणच्याची बरणी नाही. छायानं आईसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. तिनं हातातला अर्धवट वळलेला लाडू परत ताटात ठेवला आणि गॅस बंद केला.

मला माझं म्हणणं रास्त वाटत होतं. चांगली गाडी कुणी देतं का? दिली तर का दिली? आणि दिल्यावर लगेच ब्रेक का वाजतो?

आवाजाची बातमी सोसायटीत पोचायला वेळ लागला नाही, कारण आवाज आधीच पोचला होता. पहिला आला तो पहिल्या मजल्यावरचा महेश. तो अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, त्यामुळे त्याला कुठल्याही वस्तूत दोष दिसतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. तो म्हणाला, काका, आधी कुठलं चाक ते ठरवा. प्रत्येक चाकाला एक माणूस लावू, गाडी उतारावरून सोडू, ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. मला ही कल्पना एकदम पसंत पडली. चार चाकांना चार पर्यवेक्षक. महेश पुढच्या डाव्या चाकाला, वॉचमन काळू पुढच्या उजव्याला, आणि मागच्या दोन्ही चाकांना चिमाजीराव स्वतः, कारण त्यांनी चेअरमन या नात्यानं दोन चाकं मागून घेतली. हे तिघं कंबरेत वाकून, एक कान चाकाकडे करून गाडीबरोबर चालायला लागले आणि मी हळूहळू ब्रेक दाबत पार्किंगच्या उतारावरून खाली आलो.

गाडीनं चकार शब्द काढला नाही. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. साक्षीदार पार फितूर. चिमाजीरावांची कंबर धरली, काळूला हसू आवरेना, आणि वरच्या गॅलऱ्यांमध्ये बायका चहाचे कप घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी सगळे कंटाळून पांगले. मी गाडी जागेवर लावायला म्हणून ब्रेक दाबला आणि कीईईईच. चिमाजीराव लिफ्टमधून परत बाहेर आले. "मागचं डावं," ते म्हणाले. महेश म्हणाला, पुढचं उजवं. काळूला विचारलं तर तो म्हणाला, साहेब, मला तर ड्रायव्हरच्या सीटखालून वाटतंय. याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग मी गाडी निजामभाईकडे नेली. वडाळा नाक्याच्या पुढे त्याचं गॅरेज आहे आणि जीवनची गाडी पहिल्यापासून तोच बघायचा. निजामभाई हा मोठा बोलका माणूस. आपल्याइतका कारागीर नाशकात दुसरा नाही हे तो पहिल्या वाक्यात सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात समोरच्याला चहा सांगतो. त्यानं गाडी अंगणात फिरवली, दोनदा करकचून ब्रेक मारला आणि खाली उतरून म्हणाला, "सर, काय नाय झालं. गाडी धुता आणि उभी ठेवता, डिस्कला गंज येतो. पंधरावीस किलोमीटर पळवा, घासून जाईल. ब्रेक एकदम कडक आहे." मी विचारलं, तुमचे किती झाले? तो हात जोडून म्हणाला, तुमच्याकडून काही घ्यायचं नाही.

आता मला सांगा. मेकॅनिक म्हणतो काही झालेलं नाही, आणि वर पैसे घेत नाही. हयातीत असा मेकॅनिक कुणी पाहिलाय? माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी उठतच होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्यानं जरा बाजूला जाऊन, पण मला ऐकू जाईल इतपत, म्हटलं, "हां जीवनभाऊ, सर आलेत. तुम्ही बोलले तसंच सांगितलं मी त्यांना."

तुम्ही बोलले तसंच! परीक्षेच्या हॉलमध्ये दोघांची नजरानजर झाली तरी मी बाकं बदलायचो, इथं तर उघड उत्तर सांगणं चाललं होतं. मी चहा अर्धा टाकून निघालो.

घरी आलो तर सोसायटीची नोटीस दाराला चिकटवलेली. मजकूर असा की आपल्या वाहनाच्या कर्कश आवाजामुळे सभासदांच्या आरोग्यास बाधा पोचत असून, वाहन ध्वनिमुक्त असल्याचा दाखला सादर करेपर्यंत ते दुपारच्या विश्रांतीच्या वेळात हलवू नये. मी दाखल्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, असा दाखला नसतो. मी म्हणालो, मग असा दाखला नसतो हे लेखी द्या. तो म्हणाला, त्यासाठी अर्ज करावा लागेल, पण अर्ज मालकाचा लागेल आणि गाडी तर कुणा जीवन यांच्या नावावर दिसतेय, तुम्ही कोण? मी म्हणालो, मी त्यांचा मेहुणा. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्यालाही बहुधा मेहुणा असावा. परत येऊन मी हे चिमाजीरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, म्हणजे गाडी तुमची नाहीच. मग बाहेरच्या वाहनाला इथं पार्किंग कसं काय? मी तिथून सटकलो.

त्या रात्री जेवताना छायानं सांगितलं की आईचा फोन होता, विचारत होती येतेस का. मी म्हणालो, जरा थांब, प्रकरण वाटतं तितकं साधं नाही. तिनं विचारलं, कुठलं प्रकरण? मी आणखी भात वाढून घेतला. तपास चालू असताना नातेवाइकांना काही सांगायचं नसतं.

मी ठरवलं, पॅड स्वतः आणायचे. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी असते, तीच डिस्क, आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात ते पॅड. निजामभाईनं नवे घातले म्हणून सांगून जुनेच परत घातले तर? गॅरेजवाले जुने पार्ट पिशवीत घालून परत देतात, पण ते आपलेच कशावरून? म्हणून मी द्वारका चौकाजवळच्या दुकानातून नवेकोरे पॅड विकत घेतले आणि घरी येऊन एकेका पॅडवर सही केली. तुळशीच्या कुंडीला लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता, त्यात बारीक ब्रश बुडवून. पॅडची एक बाजू लोखंडी, तिच्यावर कंपनीचं नाव नि आकडे छापलेले. छापील मजकुरावर सही करायची नसते, हा नियम आहे. दुसरी बाजू छान काळी, सपाट, कोरी. मी कोऱ्या बाजूला सही केली. माझी सही तशी देखणी आहे, सुरुवातीला मोठी वेलांटी, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बारकी वाटली म्हणून दुसरा हातही दिला.

निजामभाईनं पॅड पाहून आधी कपाळाला आठ्या घातल्या. पॅड बदलायची गरजच नाही म्हणाला. मी म्हणालो, गरज मी ठरवतो. मी स्टूल घेऊन चाकापाशीच बसलो, नजर हलवली नाही. त्यानं पॅड हातात घेतला, लाल खूण पाहिली, कापूस घ्यायला हात पुढे केला आणि थांबला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "सर, हे पूजेचं आहे का? की पुसून घेऊ?"

मी सावध झालो. खूण पुसायची, मग पॅड बदलायचे, मग मला वेड्यात काढायचं. मी म्हणालो, "पूजेचंच आहे. आहे तसंच राहू द्या. अजिबात पुसायचं नाही."

 निजामभाईनं पॅड दोन्ही हातांत धरले, अलगद बसवले. मला माझी सही आत जाताना स्पष्ट दिसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि मग गाडी जी ओरडायला लागली! आधीचा आवाज म्हणजे याच्यापुढे आरती होती. मुंबई नाक्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला तर पुढच्या रिक्षातल्या बाईनं आपल्या मुलीला पोटाशी धरलं. ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी तोंडातच ठेवली, वाजवली नाही. आमच्या गल्लीतली कुत्री गाडी कोपऱ्यावर येण्याआधी उठून जायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आवाज रेकॉर्ड करून टाकला आणि खाली महेशनं दोष सुटा नसून मूळ रचनेत आहे असा शेरा मारला.

मूळ रचनेत! माझं कोडं सुटलं. पॅड नवे, माझ्या सहीचे, माझ्या डोळ्यांदेखत बसवलेले. म्हणजे खोट गाडीतच. म्हणजे जीवनला ती ठाऊक होती. म्हणूनच गाडी बहिणीच्या गळ्यात मारली, आणि म्हणूनच निजामभाई पैसे घेत नव्हता.

मी हे सगळं ओळीनं छायापुढे मांडलं. ती भाजी निवडत होती.  मी संपवल्यावर म्हणाली, "महिना होत आला मी आईला पाहिलं नाही. तुम्हाला ब्रेक दुरुस्त करायचा नाहीये. तुम्हाला जीवन खोटा निघायला हवाय." तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत. मला वाईट वाटलं. पण मी मनाशी म्हणालो, पुरावा हाती आला की तिलाच पटेल. आणि गॅलरीत जाऊन मी जीवनला फोन लावला. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. 'आपल्याच बहिणीला खराब माल दिला' असं एक वाक्य त्यात होतं, तेवढं सांगतो.

 जीवन तासाभरात पिकअप घेऊन दारात आला, मागे झेंडूच्या रिकाम्या जाळ्या तशाच. बाजारातून परस्पर आला होता, तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं. वर आला नाही. खालूनच म्हणाला, चला दाजी, निजामभाईकडं. सगळ्यांदेखत चाक खोला. ताई, तूपण चल.

गॅरेजात सगळे चाकाभोवती उभे राहिलो. छायानं पर्स पोटाशी धरली होती. निजामभाईनं चाक काढलं, पॅड ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरला. कोरी काळी बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती आणि तिच्यावर लाल रंगाचे करपलेले पट्टे. मी पुढे होऊन म्हणालो, बघा, नवीन पॅड! ही काय अवस्था केलीय तुमच्या गाडीनं! निजामभाईनं नखानं तो लाल पट्टा खरवडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हे तर कुंकू नाय. हा पेंट आहे. पेंट भाजून घट्ट झाला, त्याच्यावर डिस्क घासतीय, म्हणून बोंब मारतीय गाडी. मी कुंकू समजलो म्हणून सोडलं, म्हटलं आपोआप उडून जाईल. मागं एका गिऱ्हाइकाच्या नव्या टायरवरचा स्वस्तिक मी धुतला, तर त्यानं अख्खं गॅरेज डोक्यावर घेतलं होतं. तुम्हाला विचारलं पण मी. पूजेचं आहे म्हणाले तुम्ही."

पॅडच्या कडेला रंग शाबूत होता. आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं. छायानं पॅड हातात घेतला, जवळ धरला. "ही यांची सही आहे," ती म्हणाली. "माझ्या बरण्यांवर असते."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. निजामभाईनं तेवढ्यात उरलेली बातमीही सांगून टाकली, की जीवननं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताईच्या घरून काही घ्यायचं नाही, आणि ब्रेक नीट दोनदा बघ, त्या गाडीत माझी बहीण बसणार आहे. तेच त्या दिवशी फोनवर चाललं होतं.

जीवन माझ्याकडे बघत होता. मी पॅडकडे. "दाजी," तो म्हणाला, "संशय गाडीचा होता का माझा?"

  माझ्यासारख्या माणसाला समोरच्याचं खोटं पकडायची इतकी सवय असते की समोरचा खरा निघाला तर काय म्हणायचं ते तो शिकलेलाच नसतो. निजामभाईनं पॅड घासून साफ केले, डिस्क पुसली, चाक बसवलं. छायानं माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. ती गाडीत बसली, आरसा आपल्या उंचीला लावला, गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला. काडीचा आवाज नाही. जीवन पिकअपमध्ये बसला आणि दोन्ही गाड्या रस्त्याला लागल्या. मला चल म्हणून कुणी म्हणालं नाही. निजामभाई म्हणाला, सर, बसा, चहा घ्या. मी बसलो. हा चहा मात्र मी पूर्ण प्यायलो, कारण जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

छाया तिकडेच राहिली. फोन केला की म्हणायची, आईचं बघते आहे, येईन. घरात मी एकटा. चिमाजीरावांनी नोटीस मागे घेतल्याचं पत्र स्वतः आणून दिलं आणि आत डोकावून विचारलं, गाडी दिसत नाही, वहिनीही दिसत नाहीत? महेशनं अंतिम निष्कर्ष काय निघाला म्हणून विचारलं. मी म्हणालो, पॅड. कुणाच्या चुकीनं ते सांगितलं नाही. बरणीतलं लोणचं घ्यायला गेलो आणि झाकणावरची सही बघून झाकण परत लावून टाकलं.

शेवटी न राहवून एका सकाळी सिटी बसनं निघालो. फाट्यावर उतरलो आणि मळ्याच्या रस्त्यानं चालू लागलो. अरे देवा, काय तो रस्ता! धोंडे पायाखाली फिरत होते, एका खड्ड्यात बूट रुतला. छाया या रस्त्यानं दुखऱ्या गुडघ्यानं कशी येत असेल हा विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला, आणि पहिल्यांदाच आला याची मला फार लाज वाटली.

सासूबाई पडवीत खाटेवर होत्या. छाया त्यांच्या पायांना तेल लावत होती. मला पाहून ती उठली नाही, पण तिनं आत जीवनच्या बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. जीवन टोमॅटोच्या जाळ्या पिकअपमध्ये चढवत होता, तो तिथूनच "या दाजी" म्हणाला आणि कामाला लागला. मी खाटेजवळ पाटावर टेकलो. सासूबाईंनी माझा धुळीनं माखलेला बूट पाहिला.

त्या म्हणाल्या, "महिनाभर पोरगी आली नाय, तवा मला लय वंगाळ वाटलं जावईबापू. खोटं कशाला बोलू. मला वाटलं तुम्हीच सोडत नाय तिला. शेजारच्या बायाबी तेच म्हनत हुत्या. पर ह्यो जीवन कुनाला बोलू दीना. म्हनला, दाजी तसं मानूस नाय. गाडीचा पार्ट मिळंना आसंल, मिळाला की दाजीच तिला घिऊन येत्याल."

मी जीवनकडे पाहिलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. हे तो म्हणाला तेव्हा मी इकडे त्याच्याविरुद्ध पुरावे जमवत होतो. त्याच्याकडे माझ्या बाजूनं एकही पुरावा नव्हता. तरी तो माझ्या बाजूनं बोलला होता.  आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या तपासणाऱ्या माणसावर कुणी नुसता असाच विश्वास ठेवला, की त्याला तो ठेवायचा कुठे तेच कळत नाही.

मी म्हणालो, "आई, पार्ट मिळत होता. मीच गाडी अडवून ठेवली होती. जीवनवर संशय घेतला मी."

जाळ्या चढवायचा आवाज थांबला. छायाचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. ही काय पोटात ठिवनार हाय व्हय? आली त्याच दिशी समदं सांगितलं तिनं." मग त्यांनी छायाला पाय जरा उचलून उशीवर ठेवायला लावला आणि मला म्हणाल्या, "पर बायांना आपन पार्ट मिळत नव्हता आसंच सांगितलंय. कुनी इचारलं तर तुमीबी तेच सांगा."